नवसाची शेंडी गळाली, आता सासूबाईंना काय सांगू?

बोरीकाठची_सून | १४ जुलै, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. आजवर मी इथे फक्त बिबड्यांच्या आणि पापडांच्या धाग्यांवर लिहिलंय. आज दुसरंच लिहायची वेळ आलीय, सांभाळून घ्या.

आमचा मुलगा चार वर्षांचा, घरात सगळे बारक्या म्हणतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा हा झोक्यावरून उतरायलाच तयार नव्हता. आम्हाला वाटलं, झोक्याचं वेड. खरं तर त्याला पायावर उभं राहवत नव्हतं. रात्री उठून पाय दाबून मागायचा, तर सगळे म्हणायचे वाढीचं वय आहे. ताप यायचा-जायचा. एका डॉक्टरांनी टायफॉईडची औषधं दिली, त्यात पंधरा दिवस गेले. मग नडग्यांवर निळे डाग दिसले, रक्त तपासलं, आणि तिथून तिसऱ्या दिवशी आम्ही मुंबईत. ए.एल.एल. म्हणजे रक्ताचा कॅन्सर. आज उपचारांचा अठरावा दिवस. मी, हे आणि बारक्या परळजवळ एका धर्मशाळेत आहोत. मोठी मुलगी गावी, सासूबाईंजवळ.

आता मुद्दा. बारक्याची शेंडी सप्तशृंगीच्या नावाने ठेवलेली होती. पाच वर्षांचा झाला की चैत्रात गडावर पायी जाऊन उतरवायची, असा सासूबाईंचा नवस. गेल्या आठवड्यात त्या भेटायला आल्या आणि त्याच वेळी केस गळायला लागले. सकाळी उशीवर अख्खी शेंडी, रबरासकट. त्यांनी ती उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री मला म्हणाल्या, "देवीना नावनी शेंडी व्हती, ती गयी. आते देवी कोपनी." दुसऱ्या दिवशी गावी परत गेल्या. आता रोज फोन येतो. अमुक ठिकाणी पाणी देणारा भगत आहे, तमुक ठिकाणचा अंगारा पाठवते, तीर्थ पाज, दंडात ताईत बांध. इथले डॉक्टर म्हणतात, उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब नको.

मी स्वतः देव मानते. खोटं कशाला सांगू, शेंडी उशीवर पाहिली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. कोणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

---

पाचोऱ्याचा_मामा | १५ जुलै, सकाळी ६:२०

ताई, आधी एक सांगा, जेवता का तुम्ही दोघं? माझ्या बहिणीच्या पोरीच्या वेळी दाजींचं चौदा किलो वजन उतरलं होतं. पोरीचं दोन किलो.

नवसाचं मला कळत नाही, घरातल्या बायकांना विचारून लिहितो. गाडीचं सांगतो. दवाखान्यातून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी भरून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला पाऊण सूट. आम्हाला हे चौथ्या फेरीला कळलं. तोवर जळगाव-दादर जनरलच्या डब्यात, पोरीला मांडीवर घेऊन, तोंडाला मास्क. आजही आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

---

पांझराकाठ | १५ जुलै, दुपारी १:०५

बोरीकाठची ताई, मी धुळ्याची. माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा हेच निघालं. आता ती अकरावीला आहे आणि माझा मोबाईल वापरून माझ्याशीच भांडते. हे आधी सांगितलं, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे एकवीरा देवीचा अंगारा यायचा, सासरच्यांचा खंडोबाचा भंडारा, शेजारच्या चाचींनी दर्ग्यातला धागा दिला होता, आणि माझ्या आईचे स्वामी समर्थ होतेच. मी काहीच परत पाठवलं नाही. सगळ्या पुड्या एका झिपच्या पिशवीत घातल्या, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती माझ्या (मुलीच्या नाही) उशीखाली. फोनवर सांगायचे, "हो, जवळ ठेवलंय." आठ महिन्यांनी ती पिशवी एवढी जाड झाली की माझी मान दुखायला लागली.

तीर्थ मात्र कधीच नाही. आईशी एकदा जोरात भांडण झालं. आईने तांब्यातलं तीर्थ चमच्याने पाजायला घेतलं आणि मी तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा आईचा हात धरला, तोही असा. मग सिस्टरने आईला रिपोर्ट दाखवला. ए.एन.सी. म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा. निरोगी माणसाचा साधारण दीड हजाराच्या वर असतो, माझ्या लेकीचा त्या दिवशी १२० होता. सिस्टर म्हणाली, "आजी, घराला दार नाही असं समजा. पाहुणा चांगला असला तरी त्याच्यामागून कोण घुसेल सांगता येत नाही." आईला हे पटलं. डॉक्टरांनी महिनाभर तेच इंग्रजीतून सांगितलं होतं.

तुमच्या सासूबाईंना आकडा सांगा, ताई. रोज सांगा. माझी आई पुढे पुढे फोन उचलला की "रामराम" म्हणायच्या आधी "आज किती?" विचारायची. तिला जपायला काहीतरी हवं होतं, तो आकडा मिळाला.

आणि हो, स्टेरॉईड चालू असेल तर रात्रीची भूक सुरू झाली का? माझी रात्री अडीचला फौजदारी डाळ मागायची.

---

बोरीकाठची_सून | १५ जुलै, रात्री १०:३०

पांझराकाठ ताई, अकरावीतल्या मुलीचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इथे रडायला तेवढीच जागा आहे.

भूक? विचारू नका. काल पहाटे तीनला "भरीत". वरणभात नको, खीर नको, भरीतच. तेही आजीच्या हातचं, लाकडी बडगीत ठेचलेलं. धर्मशाळेच्या सामाईक स्वयंपाकघरात मी गॅसवर वांगं भाजत उभी. मुंबईचं जांभळं वांगं, त्याला ना चव ना धूर. कच्ची कांद्याची पात चालत नाही म्हणून ती तेलात चांगली परतली, वाटीने ठेचलं. बिहारची एक बाई चहाला उठली होती, तिने न विचारता पोळ्या लाटून दिल्या. बारक्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "हे खोटं भरीत आहे." आणि सगळं संपवलं.

---

रोखठोक_भुसावळ | १६ जुलै, सकाळी ९:१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. केस केमोने गळतात, देवीने नाही. हे सासूबाईंना ठणकावून सांगा आणि विषय संपवा. असल्या भगतांच्या नादाने आपल्या भागात किती पोरं उपचार अर्धवट सोडून घरी नेली जातात! लाड करू नका अंधश्रद्धेचे.

---

निसर्गमित्र_शिरपूर | १६ जुलै, सकाळी १०:४०

ताई, सदाफुलीची पानं. कॅन्सरवर रामबाण. केमोचं औषधही त्यापासूनच बनतं, गुगल करून बघा. रोज सकाळी सात पानांचा रस अनशापोटी. अंगणात फुकट मिळतं म्हणून कोणी सांगत नाही.

---

बालरोग_नंदुरबार | १६ जुलै, दुपारी ३:२०

वरच्या प्रतिसादावर लगेच लिहितो, कारण हा घातक आहे. रस देऊ नका.

अर्धी गोष्ट खरी आहे म्हणून ती जास्त धोक्याची. व्हिनक्रिस्टीन हे औषध सदाफुलीतच सापडलं आणि १९६३ पासून वापरात आहे. बारक्यालाही या टप्प्यात ते आठवड्याला एकदा मिळत असणार. पण शेकडो किलो वाळक्या पानांतून ते जेमतेम एखादा ग्रॅम निघतं, आणि मुलाला द्यायचा डोस असतो एक-दीड मिलिग्रॅमच्या आसपास, मुलाच्या उंची-वजनावरून काढलेला, फक्त शिरेतून. पानांत त्याच्यासोबत इतर कितीतरी अल्कलॉइड असतात. कोणत्या पानात काय किती, कोणी सांगू शकत नाही. आधीच केमो चालू, त्यात कच्च्या पानांचा न उकळलेला रस. निसर्गमित्र, तुमचा हेतू चांगला असेल, पण प्रतिसाद काढून टाका ही विनंती.

ताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, तुमचे तिथले डॉक्टर सांगतील तेच अंतिम. पण आमच्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवरून मुलं येतात, तिथे हाच प्रश्न रोज असतो. तोंडातून काही जाणार असेल तर नाही: तीर्थ, पंचामृत, अंगारा, प्रसादाची काकडी, काहीच नाही. दंडात ताईत नको. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना घट्ट दोरा काचला तरी काळंनिळं होतं, आणि हाताला लाईन (औषधाची नळी) असेल तर तिच्याजवळ बाहेरची वस्तूच नको. ताजी फुलं आणि ओली माती पेशंटच्या खोलीत नको, त्यात बुरशी असते. बाकी आरती, जप, दिवा (ऑक्सिजन असेल तिथे तोही नको), घरच्यांनी घरी केलेली पूजा, याने औषधात काही अडचण येत नाही.

ताप १००.४ ला गेला तर वाट पाहायची नाही, मध्यरात्र असली तरी. तापाची गोळी देऊन "बघू सकाळी" म्हणायचं नाही. थेट दवाखाना.

आणि गावी एक सांगून ठेवा. मुलीला किंवा शेजारच्या पोरांना कांजण्या आल्या तर लोक "माय आली" म्हणून कडुनिंबाचा पाला बांधतात आणि कोणाला कळू देत नाहीत. तुम्हाला मात्र त्याच दिवशी कळलं पाहिजे. केमोवरच्या मुलाला कांजण्या जीवघेण्या ठरू शकतात, पण संपर्क आल्यावर लगेच कळलं तर करण्यासारखं असतं.

जाता जाता एक. बारक्याला पाठीतून जे मेथोट्रेक्सेट देतात, त्याच्या आधीचं भावंड अमिनोप्टेरिन. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ते वापरून रक्ताच्या कॅन्सरची मुलं पहिल्यांदा, काही काळापुरती का होईना, बरी होताना पाहिली. ते औषध ज्या प्रयोगशाळेत बनलं तिथला प्रमुख आपला आंध्रचा माणूस होता, येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याआधी या आजारात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आज चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतलेली बहुतेक मुलं बरी होतात. पूर्ण या शब्दावर जोर आहे, अडीच वर्षं लागतात.

---

पांझराकाठ | १६ जुलै, दुपारी ४:००

रोखठोक भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे हो. पण ठणकावून सांगितल्यावर ती म्हातारी गावी एकटी बसून काय करणार? सुनेशी बोलणं बंद करणार आणि भगताकडे जाणार. मग तिथून जे येईल ते चोरून येईल. माझ्या चुलत जावेने लाडवात घालून अंगारा दिला होता.

---

रोखठोक_भुसावळ | १६ जुलै, सायंकाळी ६:४५

लाडवात? कमाल आहे.

बरं, ठणकावून हा शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

---

सातपुड्याच्या_पायथ्याशी | १६ जुलै, रात्री ११:३०

या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार करतोय.

आमचा मुलगा गेला. २०१६. उपचार पूर्ण केले होते, काही सोडलं नव्हतं, आजार पुन्हा उलटला. मनुदेवीला नवस होता आमच्या आईचा. मुलगा गेल्यावर सगळे म्हणाले, आता कसला नवस. आई म्हणाली, बोलले होते ते देणार. आम्ही दोघं मायलेक गेलो, नारळ, साडी, खण. वाटेत आई काही बोलली नाही. धबधब्याजवळ बसून मला म्हणाली, "मी देवीशी भांडायले आली व्हती, पण तिना समोर गयी आनि भांडताच नही उनं."

मी देव मानतो की नाही, मला माहीत नाही. मी एवढंच लिहायला आलो की त्या दोन वर्षांत आई माझ्या मुलासाठी रोज पहाटे उठून दिवा लावायची, आणि मी तिला त्यावरून बोललो होतो. ते बोलायला नको होतं. औषधाचं बघायला मी होतो, डॉक्टर होते. तिच्याकडे दिवाच होता.

बोरीकाठची ताई, तुमचा मुलगा बरा होवो.

---

एस.टी.वाला_एरंडोल | १७ जुलै, सकाळी ८:१०

सातपुड्याच्या भाऊ, हात जोडले.

ताई, पैशाचं कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, अजून केलं नसेल तर आजच. रेशनकार्डावर बारक्याचं नाव चढलंय का तेही बघा. आमच्या पुतण्याचं नव्हतं, तहसीलच्या तीन चकरा झाल्या. सिद्धिविनायक मंदिर न्याससुद्धा उपचारांना मदत करतो, अर्ज दादरलाच. राहायची अडचण झाली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर समिती पेशंटच्या लोकांसाठीच आहेत. लहान मुलांच्या घरच्यांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, फुकट, पण नाव दवाखान्यातूनच जातं. सोशल वर्करला विचारा.

---

पाचोऱ्याचा_मामा | १७ जुलै, रात्री ९:००

घरच्यांना विचारलं. आमची आई वय ८१. ती म्हणते, जाऊळ देवीला द्यायचं असतं, ते न्हाव्याने काढलं की औषधाने, देवी काय न्हाव्याची चौकशी करत बसते का? केस पदरात बांधून ठेवलेत ना, मग ते देवीचेच. सवड होईल तेव्हा नेऊन टाकायचे. तिने असंही विचारलं की रबर टाकून दिलं का. का विचारलं ते मला कळलं नाही.

शनिवारच्या गाडीने एकजण दादरला येतोय. त्याच्याकडे बामणोदची वांगी देतो, चार किलो. हिरवी, भरताची. धर्मशाळेचा पत्ता इथे उघड टाकू नका, निरोपात पाठवा.

---

बोरीकाठची_सून | २० जुलै, रात्री १:१५

वांगी मिळाली. मामा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मी सासूबाईंना जसंच्या तसं फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाल्या, "कोनी सांगं हाई?" मी म्हटलं, पाचोऱ्याच्या ८१ वर्षांच्या आजींनी. "मंग बराबर व्हई."

मी सांगितलं असतं तर बरोबर झालं नसतं. असो.

रबर त्यांनीही ठेवलंय.

आकडा सांगायला सुरुवात केलीय. मोठी लेक दुसरीत आहे, ती आजीला कॅलेंडरवर रोज लिहून देते. काल २८० होता.

---

बोरीकाठची_सून | ५ ऑगस्ट, रात्री १०:२०

मंडळी, बरेच दिवसांनी येतेय. मधे ताप आला होता. १०१. रात्री साडेबाराला टॅक्सी, सहा दिवस अ‍ॅडमिट, अँटिबायोटिक. डॉक्टरसाहेब, तुमचं ते वाक्य डोक्यात नसतं तर मी गोळी देऊन सकाळची वाट पाहिली असती. खरंच पाहिली असती.

पस्तिसाव्या दिवशी हाडातला मगज तपासला. आज रिपोर्ट आला. आजाराच्या पेशी दिसत नाहीत. एम.आर.डी. म्हणून आणखी बारीक तपासणी असते, तीही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, पहिला डोंगर चढलात, पण ही बरं झाल्याची पावती नाही, इथून लांबचा रस्ता आहे. मी मान हलवली. खाली येऊन चहा घेतला, दोघांत एक. हे रडले. लग्नाला दहा वर्षं झाली, पहिल्यांदा पाहिलं.

परवा रविवारी गावी आपली खानदेशातली कानबाई देवी बसली. दरवर्षी आमच्या घरी तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट असतात. तुम्हाला माहीतच आहे, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. सासरे, हे, दोन दीर, त्यांची मुलं. भाऊबंदकीतल्या एका काकू म्हणाल्या म्हणे की यंदा बारक्याचे नको, सुतकासारखंच चाललंय घरात. सासूबाईंनी काही उत्तर दिलं नाही. त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं, आणि बारक्याला म्हणाल्या, मूठ दाखव. याने सलाईन नसलेली मूठ वर केली. तेवढ्याच मापाने, आपली मूठ आवळून छोटी करून, त्यांनी सुपात गहू टाकले. मग वरची पाव. मग म्हणाल्या, थांब, आणि अजून एक मूठ टाकली. ही हिशेबात कुठेच बसत नाही, पण कोणाची बोलायची टाप नव्हती.

रोट त्याला खाता आले नाहीत. उरलेल्या वांग्याचं भरीत केलं. म्हणाला, "आता जरा खरं आहे."

शेंडीचं असं ठरलंय की केस कानबाईच्या चौरंगाखाली ठेवलेत. गडावर कधी न्यायचे ते डॉक्टर गर्दीत जायला हो म्हणतील तेव्हा. चैत्रातली यात्रा नकोच, साधा मंगळवारही नको, कुठलातरी रिकामा वार. वर जायला आता ट्रॉली आहे. पायी जायचं बोललेलं ते सासूबाई एकट्या पुरं करणार म्हणतात. गुडघे बघता मला काळजी आहे, पण ती पुढची गोष्ट.

अंगणात सदाफुली आहे आमच्या, पांढरी आणि गुलाबी. देवीला रोज तीच वाहतात. मी त्यांना सांगितलं की बारक्याचं एक औषध या झाडातून निघालंय, पण रस वगैरे अजिबात नाही. त्या म्हणाल्या, "माले येडी समजनी का?" दुसऱ्या दिवशी लेकीने सांगितलं, आजीने त्या झाडाभोवती विटा लावल्या, कोंबड्या टोचतात म्हणून.

आता मदत हवीय. पुढच्या टप्प्यात प्लेटलेट लागू शकतात, आणि पिशवीतले प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. सिंगल डोनरचे द्यायला सांगतात, मशीनवर दीड-दोन तास बसावं लागतं. हातातली शीर चांगली हवी. बारक्याचा ग्रुप बी पॉझिटिव्ह. मुंबईत किंवा ठाणे-कल्याणला आपल्याकडचे कोणी असतील तर निरोप करा.

---

रोखठोक_भुसावळ | ५ ऑगस्ट, रात्री १०:४१

बी पॉझिटिव्ह. नोकरी कल्याणला, भुसावळ फक्त नावात. शीर जाड आहे, मागे दोनदा दिलंय. कुठल्याही दिवशी सांगा, रात्रपाळी सोडून. नंबर निरोपात टाकलाय.

---

पाचोऱ्याचा_मामा | ६ ऑगस्ट, सकाळी ६:०५

आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, ती वरची मूठ कोणाच्या नावाची होती?

---

बोरीकाठची_सून | ६ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मीही विचारलं होतं, मामा. म्हणाल्या, "आते सांगाव नही."